४.८ गिगाहर्ट्झला प्राइम९५ टिकत नाही

इंटेलचा आय५-८६००के प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवतोय: मल्टिप्लायर ४८ (म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या ४८ पट), बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) १.३० व्होल्ट. विंडोज मुकाट सुरू होतं, गेमही तासन्‌तास चालतात. पण प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारी चाचणी) लावला की अकराव्या मिनिटाला एक वर्कर (चाचणीचा एक समांतर भाग) चूक होऊन गळतो, नेहमी तिसराच. तापमान ७८ अंश, म्हणजे उष्णता नसावी. व्होल्टेज अजून चढवू का?

— थांबा! ताण असताना व्होल्टेज किती दिसतं ते आधी बघा. बायोसमध्ये लिहिलेला आकडा लोडखाली टिकतोच असं नाही. लोड-लाइन कॅलिब्रेशन (लोडखाली व्होल्टेजची घसरण कमी करणारं बायोसमधलं सेटिंग) मधल्या पायरीवर ठेवा. सगळ्यात वरची नको, लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि ते साध्या सॉफ्टवेअरला दिसतही नाही.

— रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं तयार सेटिंग) बंद करून पाहिलंत का? मी दोन रविवार प्रोसेसरला शिव्या घातल्या, दोष निघाला रॅमचा.

— १.२२ दिसत होतं! कॅलिब्रेशन वाढवल्यावर १.२६. आता तिसरा वर्करही तीन तास तग धरून आहे, तापमान मात्र ८५. एक्सएमपी बंदच आहे अजून.

— मग एव्हीएक्स ऑफसेट (एव्हीएक्स या जड गणिती सूचना चालताना मल्टिप्लायर तेवढ्याने उतरवणारं सेटिंग) २ द्या. जड एव्हीएक्स कामात तो ४.६ वर उतरेल, बाकी वेळी ४.८. आणि रात्रभर चालवा, तीन तासांवर माझा भरवसा नाही.