मुंबईतल्या माहुलच्या रिफायनऱ्यांच्या भिंतीवर काय लावावं: ट्यूब की सेन्सर?

कुंपणकाठी
अमेरिकेने 2015 च्या नियमाने रिफायनऱ्यांना कुंपणावर बेंझिन (पेट्रोलमधलं, कर्करोग करणारं रसायन) मोजायला लावलं. पद्धत साधी: कार्बन भरलेली बोटाएवढी स्टीलची ट्यूब, वर पावसाची टोपी, जमिनीपासून दीड ते तीन मीटरवर 14 दिवस टांगायची. ना पंप, ना वीज. दर फेरीत कुंपणभरच्या ट्यूबपैकी सगळ्यात मोठ्या आकड्यातून सगळ्यात लहान वजा करायचा. या फरकाची वार्षिक सरासरी घनमीटरमागे 9 मायक्रोग्रॅमच्या वर गेली की 5 दिवसांत कारणाचा शोध सुरू आणि 45 दिवसांत पूर्ण. आकडे जाहीर. माहुल-चेंबूरला हेच आणा.

रात्रपाळी
साफ असहमत. टाकीच्या सीलमधून 8 तास 300 मायक्रोग्रॅम आलं आणि उरलेले 328 तास 2 राहिलं, तर 14 दिवसांची सरासरी येते 9. तीच वर्षाच्या 26 फेऱ्यांत वाटली की जेमतेम पाव मायक्रोग्रॅमची भर! त्या रात्री ज्यांचे डोळे चुरचुरले त्यांना हा कागद दाखवणार? शिवाय आपलं वार्षिक मानक 5 आहे, मग 9 कशाला? लाइव्ह सेन्सरच हवेत.

कुंपणकाठी
9 हा कारवाईचा आकडा आहे, श्वासाचा नव्हे. आपण 5 ठेवू, हरकत नाही. पण सेन्सर कुठला? स्वस्तातला पीआयडी, म्हणजे यूव्ही दिव्याने वाफा मोजणारा सेन्सर, बेंझिन, टोल्युइन, झायलिन सगळं एकाच आकड्यात कोंबतो. जुलैच्या दमटपणात त्याचं रीडिंग खाली येतं, दिव्याच्या काचेवर थर बसला की आणखी खाली. लोकांना पडद्यावर हिरवा रंग दिसत राहणार. यूव्ही किरणांचं ओपन-पाथ यंत्र बेंझिन ओळखतं, पण धो-धो पावसात किरण पलीकडच्या आरशापर्यंत पोचून परत येतील तेव्हा ना.

वातकुक्कुट
दोघेही मुख्य घोळ विसरताय: ती वजाबाकी. एकटी रिफायनरी असेल तर ठीक. माहुलला शेजारी शेजारी रिफायनऱ्या, खत कारखाना, रसायनांच्या टाक्या. माझ्या भिंतीवरचा मोठा आकडा शेजाऱ्याचा निघाला तर? आणि शेजाऱ्यामुळे सगळ्याच ट्यूब चढल्या, तर फरक छोटा दिसून दोघेही सुटतात. अमेरिकी नियमात बाहेरचा वाटा वजा करायला मंजुरी घेऊन वेगळा आराखडा करता येतो, पण त्याला जागेवर वाऱ्याची नोंद लागते. सामायिक भिंतीच्या दोन्ही अंगांना ट्यूब आणि प्रत्येक आवारात वाऱ्याचा मास्ट (वारा मोजणाऱ्या यंत्राचा खांब), एवढं तरी लिहून घ्या. आणि ब्लँक ट्यूब, म्हणजे सोबत नेलेली पण न उघडलेली! दर फेरीला दोन, शिवाय दहा ट्यूबमागे पडताळणीला शेजारीच टांगलेली एक जोडट्यूब. ट्यूबचा डबा पेट्रोलच्या कॅनशेजारी डिकीत ठेवला की ब्लँकमध्येच बेंझिन सापडतं.

कुंपणकाठी
मास्ट मान्य.

रात्रपाळी
मग पीआयडीला आकडा विचारूच नका, त्याला फक्त घंटा करा. रीडिंग उसळलं की व्हॉल्व्ह उघडून 6 लिटरचा निर्वात कॅनिस्टर (आतली हवा काढलेला धातूचा डबा) भरावा, काय आलं ते लॅब सांगेल. वास आला त्याच तासाचा नमुना हाती.

वातकुक्कुट
चालेल. पण व्हॉल्व्ह किती रीडिंगला उघडायचा हे कारखान्यावर सोडलंत, तर कॅनिस्टर वर्षभर रिकामाच परत येईल.