टोकावरच्या अलंकारांना काय म्हणावे? फिनिअल, पिनॅकल, कळस, लोलक

प्रश्न

जुन्या वास्तू आणि जुने लाकडी सामान यांची वर्णनात्मक सूची करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. पलंगाच्या खांबांवरची बोंडे, उभ्या घड्याळाच्या पेटीवरचे ज्वालाकृती तुरे, घुमटावरचे टोक, गॉथिक चर्चवरचे निमुळते सुळके आणि छतातून खाली लोंबणारी कोरीव फुले असे सगळेच तिच्यात येते. आधीच्या सूचीत या सर्वांपुढे सरसकट ‘कळस’ असे लिहिले आहे, तर वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत फिनिअल, पिनॅकल, ॲक्रोटेरियन, पेंडंट अशी वेगवेगळी नावे दिसतात. नाव ठरवताना आकार पाहायचा की आणखी काही? शिवाय, सामानावरचा असा नग मूळचा आहे की मागाहून बसवलेला, हे ओळखण्याची काही खूण आहे का?

उत्तर १

आकारावरून नाव ठरवू नका. तो अलंकार कशाच्या टोकाला आणि कोणत्या सांध्यावर बसला आहे, हे आधी पाहा. अननस, कलशपात्र, ज्वाला, ओकचे फळ, साधा गोळा हे केवळ आकार आहेत. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या पश्चिमेकडील दोन्ही मनोऱ्यांच्या शेंड्यांवर सोनेरी अननस आहेत आणि अठराव्या शतकातील पलंगांच्या खांबांवरही ते सापडतात. दोन्ही ठिकाणी तो फिनिअलच, कारण दोन्हीकडे तो उभ्या घटकाचा शेवट करतो.

पिनॅकलची गोष्ट निराळी आहे. तो स्वतःच एक लहानसा मनोरा असतो आणि त्याच्या टोकावर वेगळा फिनिअल असू शकतो. गॉथिक चर्चमध्ये तो बाहेरच्या आधारस्तंभांच्या माथ्यावर उभा असतो. आतल्या कमानींचा रेटा त्या आधारांना बाहेर ढकलत असतो. पिनॅकलच्या दगडाचे वजन वरून पडल्यामुळे तो रेटा खालच्या दिशेला वळण्यास मदत होते. म्हणजे जे निव्वळ नक्षीकाम वाटते, ते भार पेलण्याच्या व्यवस्थेचा भाग आहे. त्याच्या कडांवर ओळीने उमलणारी आकडेदार पाने म्हणजे क्रॉकेट; तीही वेगळी नोंदवावीत.

ॲक्रोटेरियन हा शब्द ग्रीक मंदिराच्या दर्शनी त्रिकोणाच्या शेंड्यावर आणि दोन्ही खालच्या कोपऱ्यांवर बसणाऱ्या अलंकारासाठी राखून ठेवावा. वळचणीच्या कडेने उभ्या असलेल्या, कौलांची उघडी तोंडे झाकणाऱ्या लहान फलकांना अँटिफिक्स म्हणतात.

यातले बरेचसे अलंकार अडचणीच्या जागी जन्मले आहेत. छपराच्या उतरत्या बाजू जिथे एकत्र येतात, तिथेच पाणी शिरते. खांबाच्या माथ्यावर लाकडाच्या तंतूंची कापलेली टोके उघडी पडतात आणि तिथून ओल आत ओढली जाते. ती जागा झाकणे भागच होते, म्हणून झाकण आले आणि त्या झाकणाला रूप दिले गेले.

उत्तर २

वरील विवेचन मान्य आहे, परंतु ‘कळस’ या शब्दाबद्दल थोडे आग्रहाने लिहितो. नागर शैलीच्या, म्हणजे उत्तर भारतीय पद्धतीच्या मंदिरांच्या, शिखरावर आधी उभ्या पाकळ्यांची चपटी, गोल चकती असते, ती आमलक. त्यावर चंद्रिका, तिच्यावर कलश आणि कलशाच्या तोंडाशी महाळुंगाच्या आकाराचे बीजपूरक. या सगळ्या रचनेला मिळून कळस म्हटले, तर आमलकाची नोंदच हरवते, आणि ज्या शिखराचा कलश पडून केवळ आमलक उरला आहे त्याचे वर्णन चुकते. द्राविड, म्हणजे दक्षिण भारतीय, शैलीत माथ्यावरच्या टोकाला स्तूपी म्हणतात. बौद्ध स्तूपावर हर्मिका (चौकोनी कठडा), तिच्यातून वर येणारी यष्टी (दांडा) आणि यष्टीवरची छत्रे असा क्रम असतो. तिथे कळस हा शब्द मुळीच बसत नाही.

घुमटाच्या बाबतीत मात्र सीमारेषा पुसट होते. ताजमहालाच्या घुमटावरच्या टोकात कलशाचा आकार आणि चंद्रकोर एकत्र आलेले आहेत. मूळचा सोन्याचा भाग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काढून सोन्याचा मुलामा दिलेला कांस्याचा बसवण्यात आला. त्याची आकृती ताजच्याच आवारातील मेहमानखान्यासमोरच्या फरसबंदीत जडवलेली आहे, त्यामुळे एरवी उंचावर न दिसणारे गोळे आणि गळे तिथे पायाशी न्याहाळता येतात. अशा ठिकाणी ‘घुमटाचा कळस’ असे लिहिण्यास माझी हरकत नाही. घड्याळाच्या पेटीवर मात्र ‘फिनिअल’च लिहावे.

उत्तर ३

सामानाविषयी लिहितो. लाकडी फिनिअल बहुधा लेथवर कातलेला असतो आणि त्याच्या बुडाला गोल कूस असते, जी खालच्या चौथऱ्यातील भोकात बसते. सामान हलवताना तो काढून ठेवता यावा म्हणून पुष्कळदा सरस लावलेला नसतो, आणि म्हणूनच तो हरवतो, अदलाबदल होतो किंवा नवा येतो. एकाच पेटीवर तीन फिनिअल असतील आणि त्यांतला मधला एकच वेगळ्या लाकडाचा असेल, तर संशय घ्यावा.

खूण म्हणून कॅलिपर (व्यास मोजण्याचे साधन) वापरा. लाकूड वाळताना सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. वाढीच्या वलयांना समांतर ते अधिक आकसते, वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेने कमी. त्यामुळे जुना कातीव गोळा कालांतराने किंचित लंबवर्तुळाकार होतो. मानेच्या जागी काटकोनात दोन मापे घ्या. ती तंतोतंत सारखी आली, तर नग अलीकडचा असण्याची शक्यता वाढते. मात्र लाकूड कातण्याआधीच पुरते वाळलेले असेल तर हा फरक फारच थोडा पडतो, म्हणून या एकाच मापावर निर्णय देऊ नका. कुशीवरचा धुळीचा थर, भोकाच्या कडेची झीज आणि बुडाच्या सावलीत राहिलेला मूळ रंग हेही जुळले पाहिजेत.

खाली लोंबणाऱ्या नगांसाठी ‘लोलक’ किंवा ‘पेंडंट’ लिहा.

प्रश्नकर्त्याची पुरवणी

आभारी आहे. नोंदीत आता स्थान, आकार आणि जोडणी असे तीन वेगळे रकाने करतो. पडद्याच्या दांड्यांची टोके आणि टेबलावरच्या दिव्याच्या छत्रीवरची छोटी बोंडे यांनाही फिनिअल म्हणायचे का?

उत्तर ३ लिहिणाऱ्याकडून

होय. दांडीचे टोक कड्यांना निसटू देत नाही, आणि दिव्यावरचे बोंड म्हणजे छत्री धरून ठेवणारा नटच असतो. अमेरिकी पद्धतीच्या दिव्यांत त्याचा आटा सहसा पाव इंच व्यासाचा, इंचाला २७ फेऱ्यांचा असतो. जोडणीच्या रकान्यात तोही नोंदवा.