मदत हवी आहे: घरामागे छोटी नर्सरी, शेडनेट की प्लास्टिक?

नमस्कार मंडळी, मी गोव्यात डिचोलीला राहते, नोकरी सांभाळून घरामागे दहा बाय वीस फुटांत छोटी नर्सरी सुरू करायची आहे. मिरची, वांगी, झेंडूची रोपं आणि पन्नियूर जातीच्या काळ्या मिरीच्या मुळं फुटलेल्या काड्या. गेल्या पावसाळ्यात ट्रेमध्ये मिरची लावलेली, उगवली छान पण आठ दिवसांत बुडाशी सडून सगळी आडवी पडली, फार वाईट वाटलं हो. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सतत ओलं राहिलं तेच भोवलं असणार. आणि दसऱ्याच्या झेंडूची रोपं तर ऐन पावसातच तयार करावी लागतात!

आता प्रश्न असा, नुसती शेडनेट (सावलीची जाळी) लावली तर पाऊस सरळ ट्रेमध्ये, चारी बाजूंनी प्लास्टिक केलं तर एप्रिल-मेमध्ये आत भट्टी. म्हणून वर २०० मायक्रॉनचा यूव्हीवाला (उन्हात टिकणारा) प्लास्टिक कागद, बाजू नेटच्या आणि उन्हाळ्यात आतून ५० टक्के सावलीवाली शेडनेट, असं करू का? आपल्याकडच्या जूनच्या वाऱ्याला हे टिकतं का? जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाईपच घ्यावे की सुरुवातीला पोफळीच्या खांबांवर भागेल? आणि मिरीच्या काड्या नेमक्या कधी लावता? कोणी स्वतः केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, फोटो असले तर फारच छान.