मदत हवी आहे : सत्र खटल्यात सरकारी वकील असताना आमच्या वकिलाला काय करता येते?

नमस्कार. आम्ही सांगली जिल्ह्यातील एका खेड्यातले शेतकरी. 2022 साली बांधाच्या वादातून माझ्या थोरल्या चुलत्यांवर कोयत्याने हल्ला झाला. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटे अजूनही वळत नाहीत. फिर्याद चुलतभावाने दिली, भारतीय दंड संहितेच्या कलम 307 (खुनाचा प्रयत्न) खाली दोषारोपपत्र दाखल झाले, 2023 मध्ये खटला सत्र न्यायालयात वर्ग झाला आणि आता कुठे साक्षी सुरू होत आहेत.

गेल्या तारखेला सरकारी वकिलांना न्यायालयाच्या व्हरांड्यात भेटलो. त्यांच्या हातावर फायलींची चळत होती आणि पुढच्या खटल्याचा पुकारा झालेला होता. "साक्षीदार हजर ठेवा, बाकीचे मी बघतो," एवढेच बोलून ते आत गेले. चुलतभावाने धास्तावून खासगी वकील गाठला, तर ते म्हणतात की वकीलपत्र दाखल करता येईल, पण साक्षीदाराला प्रश्न विचारता येणार नाहीत. काकांचे म्हणणे असे की सरकारी वकील हा आपलाच वकील, मग दुसऱ्याला पैसे कशाला मोजायचे? त्यातच गावातली वजनदार मंडळी सांगत आहेत की तडजोड करा, सरकारी वकिलांना सांगितले की केस मागे घेता येते.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. खासगी वकील नेमण्यात काही अर्थ आहे का? केस खरोखर अशी मागे घेतली जाऊ शकते का? आणि निकाल विरोधात गेला, तर पुढची वाट सरकारच्याच हातात असते का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वारणाकाठ यांचा प्रतिसाद :

मी फौजदारी बाजूची वकिली करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. काकांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. खटला 'महाराष्ट्र शासन विरुद्ध आरोपी' असा चालतो. कायद्याच्या दृष्टीने आपले चुलतभाऊ आणि काका हे साक्षीदार आहेत, पक्षकार शासन आहे. सत्र न्यायालयात खटला सरकारी वकिलानेच चालवायचा, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 225 सांगते. त्यामागचे कारण सर्वोच्च न्यायालयाने 1999 च्या शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या निकालात स्पष्ट केले आहे : काहीही करून शिक्षा मिळवणे हे सरकारी वकिलाचे काम नाही, आरोपीच्या बाजूचे काही आढळले तर तेही त्याने न्यायालयासमोर आणले पाहिजे. ज्याच्या घरातला माणूस जखमी झाला आहे, त्याच्या वकिलाकडून ही अपेक्षा कशी करणार?

तरीही खासगी वकील निरुपयोगी नाही. कलम 24(8) च्या परंतुकानुसार (म्हणजे कलमाला जोडलेल्या पुरवणी तरतुदीनुसार) पीडित व्यक्तीला सरकारी पक्षाच्या मदतीसाठी स्वतःचा वकील देण्याची परवानगी न्यायालय देऊ शकते, आणि कलम 301 प्रमाणे पुरावा संपल्यावर तो न्यायालयाच्या परवानगीने लेखी युक्तिवाद दाखल करू शकतो. तोंडी युक्तिवाद आणि साक्षीदारांची तपासणी मात्र त्याला करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयात रेखा मुरारका प्रकरणात 2019 मध्ये ठरले आहे. साक्षीत एखादा महत्त्वाचा मुद्दा सुटत असेल तर त्याने तो आधी सरकारी वकिलांच्या कानावर घालावा; तरीही तो राहिला, तर कलम 311 खाली (साक्षीदाराला बोलावण्याचा किंवा पुन्हा तपासण्याचा न्यायालयाचा अधिकार) न्यायालयाचे लक्ष वेधता येते. माझ्या अनुभवात ही मदत खरी उपयोगी पडते ती साक्षीच्या आधी. दुखापत प्रमाणपत्र देणारे डॉक्टर आता कोठे बदलून गेले आहेत, कोणता पंच आरोपीच्या भावकीतला आहे, कोयता ओळखणारा कोण, हे एका पानावर लिहून द्या. इतक्या फायली सांभाळणाऱ्या माणसाला आपल्या खटल्यातले हे बारकावे तोंडपाठ असतील, अशी अपेक्षा धरू नका. साक्षीआधी सरकारी वकिलांना भेटणे गैर नाही, साक्षीदाराला पढवणे गैर आहे.

केस मागे घेण्याविषयी गावात जे सांगितले जाते, त्यात फारसे तथ्य नाही. कलम 320 मधील तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत 307 नाही. कलम 321 खाली खटला मागे घ्यायचा, तर सरकारी वकिलाने स्वतःची बुद्धी वापरून तसा अर्ज करावा लागतो आणि त्याला न्यायालयाची संमती लागते. दबाव धमकीपर्यंत गेला, तर 2018 ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. जिल्हा व सत्र न्यायाधीश तिच्या जिल्हा समितीचे अध्यक्ष असतात आणि जिल्ह्यातील अभियोग विभागाचे (सरकारी वकिलांच्या विभागाचे) प्रमुख सदस्य सचिव. अर्ज या सदस्य सचिवांकडेच करायचा.

आरोपी सुटला, तर अपील करायचे की नाही हे शासन आपल्या परीने ठरवील, पण कलम 372 च्या परंतुकाने पीडितालाही स्वतंत्र अपिलाचा हक्क दिला आहे आणि त्यासाठी आधी वेगळी परवानगी लागत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणातला 2018 चा निकाल आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) सुरू झाल्यामुळे सांगलीकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

1 जुलै 2024 पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, पण आपला खटला त्यापूर्वीच सुरू असल्याने मी जुन्या संहितेचीच कलमे दिली आहेत.

धागाकर्ता :

मनापासून आभार. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांची बदली झाली आहे, हे आम्हाला ठाऊक होते, पण ते कोणाला सांगायचे असते याची कल्पना नव्हती. हे तोंडी कळवले तर चालते का?

वारणाकाठ :

लेखीच द्या. एक प्रत सरकारी वकिलांना आणि एक पोलीस ठाण्याच्या पैरवी कर्मचाऱ्याला (खटल्यांचा पाठपुरावा करणाऱ्या पोलिसाला), कारण समन्स बजावण्याचे काम पोलिसांकडे असते आणि जुन्या पत्त्यावर गेलेले समन्स परत आले की आणखी एक तारीख वाया जाते.