एलिट डेंजरस: लांबच्या सफरीत तुमच्यावर काय ओढवलं? (अनुभव धागा)

धागाकर्ती, ठाणे पश्चिम

नमस्कार मंडळी. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात हा अंतराळजहाज उडवण्याचा ऑनलाइन खेळ मन लावून खेळणारे आपण बरेच आहोत, पण एकत्र जमलो की बोलणं लढाईचं नाहीतर व्यापाराचं निघतं. लांबच्या सफरींचा विषय काढला की "नुसत्या जंपा, त्यात काय धोका?" असं ऐकू येतं (जंप म्हणजे एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर एका झेपेत जाणं). मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते या खेळातली सगळ्यात मोठी जोखीम तिथेच आहे.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या या खेळात आपली अख्खी आकाशगंगा खऱ्या आकारमानाची आहे. सुमारे ४०० अब्ज सिस्टिम्स (तारे आणि त्यांचे ग्रह), आणि माणसांची वस्ती मुख्यतः सूर्याभोवतीच्या एका छोट्या भागात, ज्याला आपण बबल म्हणतो. लढाईत जहाज फुटलं तर किमतीच्या ५ टक्के भरून ते परत मिळतं. शोधप्रवासात मात्र ताऱ्या-ग्रहांचा गोळा केलेला पण न विकलेला सगळा डेटा जहाजाबरोबर जातो. आपण पहिल्यांदा पाहिलेल्या ताऱ्यांवर लागायचं आपलं नावही जातं. पावसाळाभर केलेली सफर एका मिनिटात पुसली जाऊ शकते.

म्हणून हा धागा. काय झालं, कुठे झालं, जहाज कसं वाचलं किंवा का वाचलं नाही, हे तपशिलात लिहा. "काळजी घ्या" एवढं लिहून थांबू नका, त्याचा कुणाला उपयोग होत नाही.

कळवेकर

माझा अनुभव इंधनाचा. कोलोनियाच्या वाटेवर होतो, म्हणजे सूर्यापासून २२,००० प्रकाशवर्षं लांबच्या वस्तीकडे. ताऱ्याच्या कडेने उडत स्कूपने इंधन भरायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते के, जी, बी, एफ, ओ, ए, एम या सातच वर्गांच्या ताऱ्यांवर मिळतं. त्या पट्ट्यात लागोपाठ एल, टी, वाय वर्गाचे तपकिरी बटू येत गेले. प्रत्येक जंपला वाटायचं, पुढचा तारा चांगला असेल. टाकी उतरत गेली आणि मग लक्षात आलं की आता मागेही जाता येणार नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण माझं जहाज तिच्यामुळेच वाचलं. इंधन पूर्ण संपलं की जहाज बंद पडतं आणि ऑक्सिजनचं घड्याळ सुरू होतं. साध्या ई दर्जाच्या लाइफ सपोर्टमध्ये ५ मिनिटं, ए दर्जाच्या असेल तर २५. घड्याळ दिसलं की त्याच क्षणी मुख्य मेनूवर बाहेर पडायचं. बाहेर असताना वेळ पुढे सरकत नाही. मग फ्युएल रॅट्सना हाक मारायची. २०१५ पासून हे स्वयंसेवक खेळाडू फक्त हेच काम करतात, अडकलेल्यांना इंधन नेऊन देतात, आणि एक पैसा घेत नाहीत. माझ्यासाठी एक जण कित्येक हजार प्रकाशवर्षं उडत आला. कोणत्या देशातला होता कोण जाणे. लिंपेटने, म्हणजे छोट्या ड्रोनने, इंधन दिलं, जवळचा एम वर्गाचा तारा दाखवला आणि निघून गेला. मला आजही त्याच्याबद्दल फार कृतज्ञता वाटते.

घड्याळ सुरू व्हायच्या आधीच धोका कळला तर सुपरक्रूझमधून (सिस्टिमच्या आतल्या अतिवेगवान उड्डाणातून) खाली या, लाइफ सपोर्ट सोडून बाकी मॉड्यूल बंद करा, आणि तेव्हाच हाक मारा. शेवटच्या थेंबापर्यंत थांबू नका.

व्याधप्रेमी, नौपाडा

कळवेकरांच्या अनुभवात थोडी भर घालतो. मी वांगणीला दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांपैकी आहे, खेळाकडे त्या वाटेने आलो. खऱ्या आकाशगंगेतही सर्वाधिक संख्या एम वर्गाच्या तांबड्या बटूंची आहे, साधारण चारातले तीन तारे. म्हणूनच खेळात बहुतेक वेळा इंधन सहज मिळतं आणि आपण निर्धास्त होतो. तपकिरी बटूंच्या गाभ्यात हायड्रोजनचं टिकाऊ संमीलन पेटतच नाही, तिथे स्कूप रिकामाच राहणार. आकाशगंगेच्या नकाशात ताऱ्यांच्या वर्गाची चाळणी असते. ती लावून मार्ग आखला की ही पूर्ण अडचण टळते.

माझा स्वतःचा प्रसंग वेगळा. बीगल पॉइंटकडे, म्हणजे सूर्यापासून ६५,००० प्रकाशवर्षांवर जाताना सर्पिल भुजांच्या मधली पोकळी लागते. तिथे तारे इतके विरळ की माझ्या जहाजाची जंप पुढच्या ताऱ्यापर्यंत पोचेना. गोळा केलेल्या खनिजांपासून एफएसडीचं (जंप मारणाऱ्या इंजिनाचं) इंजेक्शन बनवून एका जंपपुरती झेप २५, ५० किंवा १०० टक्के वाढवता येते. त्यावर पार झालो. परतीचाही तोच रस्ता होता. जाताना सगळी खनिजं वापरली असती, तर आजही तिकडेच असतो. पलीकडे पोचल्यावर आधी एका ग्रहावर उतरलो आणि परतीची खनिजं गोळा केली, आकाशगंगेच्या त्या कडेवरून मागे वळून पाहण्याचं सुख नंतर घेतलं.

निशाचर, ऐरोली

रात्रपाळी संपवून पहाटे खेळणारा आहे. माझा मुद्दा श्वेत बटूंचा.

न्यूट्रॉन ताऱ्यातून दोन्ही बाजूंना निघणाऱ्या झोतात शिरून एफएसडी चार्ज केली की पुढची जंप चौपट लांब पडते. एरवी ५५ प्रकाशवर्षांच्या जंपांनी २५,९०० प्रकाशवर्षांवरच्या सॅजिटेरियस ए* पर्यंत, म्हणजे आकाशगंगेच्या मध्यावरच्या कृष्णविवरापर्यंत, जायला ४७० च्या आसपास जंपा लागतात. न्यूट्रॉनच्या वाटेने त्या कितीतरी कमी होतात. प्रत्येक चार्जला एफएसडी थोडी झिजते, ती दुरुस्ती मॉड्यूलने भरून काढायची. न्यूट्रॉनचे झोत लांब असतात. टोकाकडून, ताऱ्याकडे पाठ ठेवून शिरलं तर जहाज हेलकावे खातं, पण निभतं.

श्वेत बटू दीडपटच देतो आणि त्याचा झोत आखूड असतो. म्हणजे चार्जसाठी ताऱ्याच्या अगदी जवळ, निषिद्ध कक्षेला लागून जावं लागतं. माझं जहाज तिथे झोतात फिरलं आणि त्या कक्षेत खेचलं गेलं. सुपरक्रूझ तुटली. बाहेर पडलो ते थेट झोताच्या आत. जहाज स्वतःभोवती गरगरतंय, उष्णता चढतेय, मॉड्यूलं एकेक करून खराब होताहेत, आणि हलची (जहाजाच्या सांगाड्याची) टक्केवारी डोळ्यांदेखत उतरतेय. अशा वेळी ताऱ्यापासून पळण्याचा नुसता प्रयत्न केला तर पुरत नाही. उष्णता शोषून घेणारा हीटसिंक सोडला. गरगर पूर्ण थांबायची वाट न पाहता दुसरी सिस्टिम निवडली आणि एफएसडी चार्जला लावली. नाक जंपच्या दिशेला येईपर्यंत बूस्ट मारत राहिलो. दुसरा हीटसिंक. जंप लागली तेव्हा हल १९ टक्क्यांवर होता.

पुढचा सगळा प्रवास त्याच हलवर. दुरुस्ती मॉड्यूल इतर यंत्रं सुधारतं, हल नाही. त्याला दुरुस्तीचे लिंपेट लागतात नाहीतर स्थानक. दीडपट झेपेसाठी मी आता श्वेत बटूकडे वळत नाही. कुणीही वळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

खाडीकाठ, नेरूळ

मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला, त्याचा जॉयस्टिक घरी राहिला. तेव्हापासून मी उडते. वयाची साठी ओलांडली आहे, तेव्हा मला काकू म्हटलं तरी चालेल.

तुम्ही सगळे ताऱ्यांबद्दल लिहिताय, मी गुरुत्वाबद्दल लिहिते. शोधाला निघालेली जहाजं आपण हलकी करतो. सगळं डी दर्जाचं, कारण ते वजनाला सर्वात कमी. थ्रस्टरही छोटे. जंप वाढते, पण ग्रहावर उतरताना तेच थ्रस्टर जहाज तोलून धरायचे असतात. एकदा मोठ्या लाल ग्रहावर उतरत होते, गुरुत्व ३ जीच्या पुढे. नाक खाली होतं. जमीन जवळ आली तशी मी नाक वर घेतलं, पण खाली येण्याचा वेग कमीच होईना. पोटाकडचे थ्रस्टर मागच्या मुख्य इंजिनांच्या मानाने फार दुबळे असतात. मग नाक सरळ आकाशाकडे केलं आणि मुख्य इंजिनं पूर्ण दाबली. जहाज जमिनीला घासून वर गेलं. शिल्ड गेली, हल राहिला.

त्यामुळे उतरण्याआधी ग्रहाच्या माहितीत गुरुत्व वाचायचं. जड ग्रह असेल तर नाक आडवंच ठेवायचं आणि अगदी सावकाश खाली यायचं. अकेनार ३ वर ६.७ जी आहे, तिथल्या गोष्टी ऐकल्या असतीलच. आणि वजन वाचवायला शिल्ड काढून टाकणाऱ्यांनी हे पुन्हा एकदा वाचा.

कोपरखैरणे, रात्री उशिरा

छोटा अनुभव. जंप संपते तेव्हा जहाज ताऱ्यासमोर तोंड करून निघतं. झोप अनावर होते त्या वेळी हे जीवघेणं ठरतं. जंप सुरू झाली की तिथेच थ्रॉटल शून्यावर आणायची सवय लावून घ्या. डोळा लागला तरी जहाज ताऱ्याबाहेर उभं राहतं. माझं राहिलं. जवळजवळचे जोडतारे असतील तर मात्र उभं राहणंही तापदायक, तिथे जागं असावंच लागतं.

घोडबंदर रोड

माझ्यावर ओढवलं ते घराच्या दारात. आकाशगंगेच्या मध्यापासून सुखरूप परत आलो, डेटा विकायला बबलमधल्या गजबजलेल्या सिस्टिममध्ये शिरलो, आणि दुसऱ्या एका खेळाडूने सुपरक्रूझमधून खाली ओढलं. सामानाची मागणी नाही, बोलणं नाही, सरळ गोळीबार. पातळ शिल्डचं शोधजहाज काही क्षणांत फुटलं. डेटा गेला. कितीतरी दिवस खेळ उघडावासा वाटला नाही, खरंच वाईट वाटलं होतं.

ओढाताण सुरू झाली की झुंजायचं नाही. थ्रॉटल शून्य करून स्वतःहून खाली उतरायचं, मग एफएसडी लवकर तयार होते. त्याच सिस्टिममध्ये पळायचं नाही, दुसऱ्या सिस्टिमकडे जंप लावायची. शेजारी मोठं जहाज असलं तरी ती अडत नाही. आणि त्याहून सोपं म्हणजे परतीचा शेवटचा टप्पा सोलो मोडमध्ये उडायचा, तिथे दुसरे खेळाडू भेटतच नाहीत.

कॉलेजकुमार, खारघर

सगळ्यांचे अनुभव वाचले. सेमिस्टर संपली की सॅजिटेरियस ए* ला निघतोय, पहिलीच लांब सफर. काकू, शिल्ड ठेवतो. निशाचर दादा, दुरुस्ती मॉड्यूल एक पुरेल का? आणि धागाकर्ती ताई, जाऊन-येऊन सगळा डेटा जहाजातच सांभाळायचा का?

निशाचर, ऐरोली

दोन घे. ते मॉड्यूल स्वतःला दुरुस्त करू शकत नाही, एकाने दुसऱ्याला करायचं.

धागाकर्ती, ठाणे पश्चिम

नाही रे, एवढं ओझं वाहायची गरज नाही. २०१९ ला डिस्टंट वर्ल्ड्स २ ही मोठी मोहीम निघाली होती, त्यातल्या खेळाडूंनी मिळून सॅजिटेरियस ए* च्या जवळ एक्सप्लोरर्स अँकरेज हे स्थानक उभं केलं. तिथे डेटा विकता येतो आणि हलही दुरुस्त होतो. पोचल्यावर आधी तिथे उतर, सगळं विक, मग कृष्णविवर बघायला जा. परतीच्या वाटेवर कोलोनियाला वळसा घातलास तर तिथेही विकता येईल. निघायच्या आदल्या दिवशी तुझ्या जहाजाची यादी इथे टाक, आम्ही बघून सांगतो.