पैसे संपलेले फुटबॉल क्लब बंद पडू द्यायचे की एकमेकांत मर्ज करायचे?

बालेवाडी_ब्लॉक

बरेच दिवस डोक्यात घोळतंय, विचारूनच टाकतो. 2014-15 ला आमच्या पुण्यात टॉप लेव्हलला तीन क्लब होते, आयलीगमध्ये (तेव्हाची देशाची मुख्य फुटबॉल लीग) पुणे एफसी आणि भारत एफसी, आयएसएलमध्ये (2014 ला सुरू झालेली फ्रँचायझी लीग) एफसी पुणे सिटी, आणि तिघांचं होम ग्राउंड एकच, बालेवाडी. पुणे एफसी तर 2012-13 ला गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग आयलीगमध्ये दुसरी आलेली. मग काय झालं ते माहितीच आहे, भारत एफसी एकच सीझन खेळली, पुणे एफसीनेही गाशा गुंडाळला, डीएसके शिवाजीयन्स आली आणि 2017 ला गेली, 2019 ला पुणे सिटीची जागा हैदराबादला गेली. आज आयएसएल नाही, आयलीग नाही, काहीच नाही.

मी लेक्चर बुडवून मॅचला जायचो, स्टँडमध्ये तीच तीच माणसं भेटायची, नाव माहीत नसायचं पण चेहरे पाठ होते. सारखं वाटतं की तीन मालक तीन ठिकाणी पैसे ओतत होते त्याऐवजी 2015 मध्ये एकत्र बसले असते आणि एकच पुण्याचा क्लब केला असता तर आज तो असता. तुम्हाला काय वाटतं? असं मर्जर खरंच वाचवतं का?

सॉल्टलेक_मुक्काम

मी नोकरीमुळे कोलकात्यात असतो, 2020 चं प्रकरण जवळून बघितलंय त्यामुळे सांगतो. कोलकात्याचाच जुना क्लब मोहन बागान आणि आयएसएलमधला एटीके एकत्र आले त्याला सगळे मर्जर म्हणतात पण हिशोब काय होता, नव्या कंपनीत 80 टक्के एटीकेवाल्या संजीव गोएंकांच्या ग्रुपचे आणि 20 टक्के मोहन बागान क्लबचे. एक क्लब 1889 चा, दुसरा 2014 चा, आणि नाव लागलं ते नव्याचं आधी, एटीके मोहन बागान. हिरवा-मरून रंग राहिला, होडीचा लोगो राहिला, पैसा आला, चांगले प्लेअर आले, हे सगळं मान्य. पण माझ्या शेजारच्या डेस्कवर एक जण आहे, आजोबांपासून बागानवाले, त्याच्या घरी कॉमेंटेटरने एटीके म्हटलं की आवाज म्यूट व्हायचा. तीन वर्षं 'रिमूव्ह एटीके' चाललं. 18 मार्च 2023 ला गोव्यात फातोर्ड्याला बंगळुरूला पेनल्टीवर हरवून आयएसएलचा कप जिंकला आणि गोएंकांनी तिथेच नावातलं एटीके काढायची घोषणा केली, त्या रात्री हा माणूस फोनवर रडत होता, कपसाठी नाही, नावासाठी.

तर वाचवतं का? हो, वाचवतं. पण नाव, रंग, लोगो ह्याचं काय करणार ते सही करायच्या आधी लिहून घ्या.

पणजी_फुटबॉल

गोव्याचं उदाहरण घ्या, इथे उलट झालं. 2016 ला साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो तिघांनी आयलीग सोडली. धेंपो म्हणजे पाच वेळा देशाचा चॅम्पियन, कोणी ऐरागैरा नाही. आयएसएलमधली एफसी गोवा सुरू झाली तेव्हा मालकांत धेंपो आणि साळगावकर दोन्ही घराणी होती, म्हणजे जन्माचे प्रतिस्पर्धी एका टेबलावर बसलेले होतेच, तरी त्यांनी आपापले क्लब त्यात विरघळवले नाहीत. धेंपो खाली आला, गोवा प्रोफेशनल लीग खेळत राहिला, मुलं तयार करत राहिला आणि 2024-25 ला परत आयलीगमध्ये. तेच नाव, तोच पांढरा जर्सी.

खर्च झेपत नसेल तर एक पायरी खाली या ना, त्यात कसली लाज. क्लब मिटवून टाकला की परत यायला कोणी उरत नाही.

बालेवाडी_ब्लॉक

@पणजी_फुटबॉल पटतंय, पण खाली यायला खाली काहीतरी पाहिजे. तुमच्याकडे लोकल लीगला गावंच्या गावं येतात. आमच्याकडच्या लोकल लीगला किती जण येतात ते मी बघितलंय, प्लेअरांचे आईवडील आणि सबस्टिट्यूट.

रंकाळा_वेस

इथंच खरी गोम आहे भावा. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमला पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी मंडळ अशी फुटबॉल मॅच असली की अख्खी पेठ रिकामी होते. पैसे म्हणशील तर कुठल्याच तालमीकडं उद्योगपती बसलेला नाही, वर्गणी, पेठेतले दुकानदार, जुने खेळाडू, असंच चालतंय. उद्या कोण म्हणालं की दोन तालमी पैशाला कमी पडतात तर एक करा, तर त्या माणसाला पेठेत चहा मिळायचा नाही. पोराचा आजा ज्या तालमीत घुमला त्याच तालमीकडनं पोरगं खेळतंय, ते कुठं मर्ज करणार?

तुमच्या पुण्यातल्या तिन्ही क्लबना पेठ नव्हती, कंपनी होती. कंपनीचं मन उठलं की क्लब उठला. तीन कंपन्या एकत्र केल्या असत्या तरी पेठ तयार झाली नसती, राग मानू नका. आधी एखाद्या भागात रुजवायला पाहिजे होता, शाळा, मंडळं, पोरं.

कोळसा_आणि_बॉल

बाहेरचं बघायचं तर बेल्जियममधलं गेंक बघा. विंटरस्लाग आणि वाटरशाय, एकाच गावातले दोन क्लब, दोन्ही खाणकामगारांचे. खाणी बंद व्हायला लागल्या तसा दोघांचाही आधार गेला आणि 1988 ला ते एकत्र आले. 1999 ला चॅम्पियन झाले, पुढे कोर्तुआ आणि डी ब्रुइना हे बेल्जियमचे स्टार तिथूनच आले. ते जमलं कारण दोन्हीकडची माणसं त्याच गावच्या खाणींत उतरणारी, एकच संकट भोगणारी होती.

उलट 1983 ला इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड क्लबचा मालक रॉबर्ट मॅक्सवेलने ऑक्सफर्ड आणि रेडिंग मिळून थेम्स व्हॅली रॉयल्स करायचं ठरवलं होतं. दोन वेगळी गावं, एकमेकांचे विरोधक, लोक मैदानात बसून राहिले आणि ते बारगळलं. दोन्ही क्लब मेले का तर नाही, ऑक्सफर्डने 1986 ला लीग कप जिंकला आणि त्याच सीझनला रेडिंग तिसऱ्या डिव्हिजनचा चॅम्पियन. म्हणून 'मर्ज करा नाहीतर मरा' असं मालक सांगतो तेव्हा लगेच विश्वास ठेवू नये, आधी ताळेबंद मागावा. दोघांवरही कर्ज असेल तर एकत्र करून नुसतं मोठं कर्ज तयार होतं.

डावा_विंगर

सगळे नाव आणि जर्सीवर बोलताय म्हणून लिहितो. माझा धाकटा भाऊ एका क्लबच्या अंडर 18 मध्ये होता, नाव घेत नाही. क्लब बंद झाला तेव्हा घरी फोन नाही, पत्र नाही, ग्रुपवर एक मेसेज आला की उद्यापासून प्रॅक्टिस नाही. रिलीज लेटरसाठी (दुसऱ्या क्लबला जायला लागणारं सोडल्याचं पत्र) आई चार महिने फेऱ्या मारत होती, ऑफिसला कुलूप, आणि तोपर्यंत दुसरीकडच्या ट्रायल्स होऊन गेलेल्या. त्या वयात एक सीझन गेला म्हणजे काय ते ज्याचं गेलं त्यालाच कळतं. मर्जर झालं असतं तर निदान ह्या मुलांना कोणीतरी वारस मिळाला असता, कोच राहिला असता, किट राहिलं असतं. सिनिअर टीमचं नाव काहीही ठेवा हो, मला त्याचं काही नाही.

रंकाळा_वेस

@डावा_विंगर हे मी धरलंच नव्हतं. बरोबर आहे तुझं.

बालेवाडी_ब्लॉक

@डावा_विंगर मीपण स्टँडमधल्या आमच्याच दुःखाचा विचार करत होतो. म्हणजे 2015 ला तीन सिनिअर टीम नाही तरी तिघांची पोरं एका छताखाली आणली असती तरी पुष्कळ होतं, त्याला ना लीगची परवानगी लागली असती ना नावाचा वाद. भाऊ खेळतो का अजून?

डावा_विंगर

नाही. ग्राउंडवर येतो पण रेफ्रीच्या परीक्षेची तयारी करतोय, पुढच्या महिन्यात आहे.