तात्यांची वही: अक्षरं इंग्रजी, भाषा हिंदी. कुणाला उलगडा होतोय का?

कोयनाकाठची

नमस्कार मंडळी. धागा लांबलाय, सांभाळून घ्या.

माझे आजोबा, तात्या, २०२२ साली गेले. दाखल्यावर जन्म १९२४, म्हणजे अठ्ठ्याण्णव वर्षं. पण दाखल्यावरची तारीख १ जून, त्यामुळे तिचं काय खरं नाही. "मास्तरांनी घातलीय ती," म्हणायचे. पुढं स्वतः मास्तर झाले आणि निम्म्या पाटण तालुक्याला १ जून घालून ठेवला.

गावाला ते प्राथमिक शाळेचे गुरुजी म्हणूनच माहीत. १९८२ ला निवृत्त झाले. त्याआधी १९४२ ते ४६ मराठा पलटणीत होते, त्यातला बराच काळ इटलीत. लढाई संपली, सरकारनं घरी पाठवलं. पंधरा वर्षं भरली नव्हती, म्हणून फौजेची पेन्शन नाही. त्याबद्दल कधी कुरकुर ऐकली नाही. लढाईबद्दल विचारलं तर "थंडी लय होती," संपला विषय.

फौज दिसायची ती शाळेत. जिथं बदली होईल तिथं पहिल्या आठवड्यात अंगणाच्या कडेला दगड लावून त्यांना चुना मारायचा. शनिवारी सकाळच्या शाळेत प्रत्येक पोरानं बसकरावर पाटी, पेन्सिल, टोपी, पुस्तक एका रांगेत मांडायचं आणि मागं उभं राहायचं. तात्या हात मागं बांधून फिरणार. माझे वडील त्यांच्याच वर्गात होते. त्यांची पेन्सिल रेषेबाहेर होती म्हणून घरच्या पोराला डबल शिक्षा.

आता मुद्दा. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक सहा टोकांची चांदणी सापडली. फीत तांबडी-पांढरी-हिरवी-पांढरी-तांबडी. तिच्याखाली एक वही. लिहिलंय एबीसीडीत, पण भाषा हिंदी. आपण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो ना, तसं! "कल सुबह नदी पर. पानी बहुत." ज्यांचं बाळबोध अक्षर अख्खा तालुका गिरवायचा, ते असं का लिहितील? आणि दर दोन पानांनी "सांग्रो" असा शब्द येतो. मी आधी "सांग रे" वाचलं.

शिवाय गावात म्हणतात, तात्या यशवंत घाडग्यांच्या बरोबर होते. खरं असेल का?

जुनी कागदं

ताई, ही रोमन उर्दू. त्या काळी हिंदुस्थानी फौजेत पठाण, मद्रासी, मराठा सगळे, म्हणून हुकमाची भाषा हिंदुस्थानी आणि लिपी रोमन. रंगरुटांना ती शिकवायचे. बढती हवी तर परीक्षा द्यावी लागायची. फौजेत जे काही कागदावर उतरवायचं ते रोमनमध्येच, हा हात बसलेला. तात्यांनी कोड वगैरे केलेला नाही.

सांग्रो ही इटलीतली नदी. नोव्हेंबर १९४३ मध्ये आठव्या हिंदी डिव्हिजननं ती ओलांडली, पावसानं पूर आलेला असताना. त्या डिव्हिजनमध्ये मराठ्यांची पहिली पलटण होती. चांदणी म्हणजे 'इटली स्टार', फितीचे रंग इटलीच्या झेंड्याचे.

घाडग्यांचं मात्र जुळत नाही. नाईक यशवंत घाडगे माणगावकडचे, तिसऱ्या पलटणीत, दहाव्या डिव्हिजनमध्ये. १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. वहीत "सेनिओ" येतंय का बघा. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर केलेल्या पराक्रमाबद्दल शिपाई नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते पहिल्या पलटणीचे.

कोयनाकाठची

येतंय! शेवटून चौथ्या पानावर. बाकी ओळ अशी: "सेनिओ. जाधव बांध पर चढके बोला शिवाजी महाराज की जय. हम सब गया." एवढंच. अंगावर काटा आला हो.

जुनी कागदं

जाधव जखमींना पाण्यातून पाठीवर आणून, मग मशीनगनची तीन ठाणी मोडून बांधावर उभे राहिले होते आणि हीच आरोळी देऊन मागच्यांना बोलावलं होतं. मागच्यांतले एक तुमचे तात्या असावेत. वही जपा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, सुती कापडात ठेवा.

चौथी ब

मी सहसा लिहीत नाही, पण चुन्याच्या दगडांवरून गुरुजी ओळखले. ११ डिसेंबर १९६७, मी चौथीत. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आमची भिंत बाहेरच्या अंगाला पडली म्हणून वाचलो. सगळं गाव अंधारात माळावर, पोरं रडतायत, कोण कुठं पत्ता नाही. गुरुजी पडक्या शाळेत शिरले आणि जनरल रजिस्टर घेऊन आले. बॅटरीच्या उजेडात हजेरी सुरू केली, पोरांची नव्हे, गावाची. एकेका पोराचं नाव घ्यायचे, मग "आई? बाप? म्हातारी?" हाजिर म्हटलं की शिसपेन्सिलीनं टिंब. दोन घरांतून उत्तर आलं नाही. तेवढ्याच दोन घरांकडं माणसं धावली. एका घरातली आजी जिती निघाली. दुसऱ्या घराचं लिहीत नाही.

उजाडल्यावर बघितलं तर गुरुजी अनवाणी. पायातनं रक्त. त्यांना ठाऊकच नव्हतं.

कोयनाकाठची

दादा, हे घरात कुणालाच माहीत नाही. वडिलांना वाचून दाखवलं, ते उठून बाहेर गेले.

एक राहिलं. तात्या सर्वपित्रीला एक पान जास्त वाढायचे. आजी विचारायची कुणाचं, तर "असंच". वहीत सांग्रोच्या पानावर एका माणसाचं नाव आहे, पुढं "मेरा जोडीदार" आणि फुली.

जुनी कागदं

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाका. सांग्रोच्या स्मशानभूमीत दहन केलेल्या हिंदी जवानांचं वेगळं स्मारक आहे, पाचशेहून जास्त नावं. बऱ्याच नोंदींत बापाचं नाव आणि गाव असतं. स्पेलिंग चार तऱ्हांनी करून बघा, कारकुनांनी वाट्टेल तसं लिहिलंय.

कोयनाकाठची

तिसऱ्या स्पेलिंगला सापडले. वय वीस. गाव जावळी तालुक्यातलं, कोयना धरणाच्या पाण्याखाली गेलेल्यांपैकी. तिथली माणसं ठाणे-रायगडकडं उठून गेली म्हणतात. नाव चारचौघांत टाकत नाही. त्या गावचं कुणी इथं असेल, किंवा कुणाच्या आज्जीचा भाऊ इटलीत राहिला असेल, तर मला व्यनि (खासगी निरोप) करा. वही घेऊन मी येते.